चौकची थंडी, खोलीतली शेती: ग्रो लाइट थंड ठेवायला एसी लागतोच का?

गेल्या डिसेंबरात मामेभावाचा चौकवरून फोन आला. "दादा, दीड टनाचा एसी घेतोय. लाइट लावल्या की खोली तापते, लेट्यूस मान टाकतोय. ईएमआयवर घेऊ का?" त्याने मागच्या खोलीत दोन रॅक उभे केले होते. त्यात लेट्यूस आणि मायक्रोग्रीन्स, वर एलईडी ग्रो लाइट. माल कर्जतच्या दोन-तीन फार्महाऊसवाल्यांना जाणार होता. मी त्याला एकच विचारलं, "आत्ता बाहेर किती तापमान आहे?" तो अंगणात उभा राहून पोपटीचं मडकं लावत होता, अंगात स्वेटर. म्हणाला, "बाहेर मस्त गारवा आहे रे."

बाहेर फुकटचा गारवा, आणि आपण आत गारवा विकत घ्यायला निघालोय! हा लेख त्याच प्रश्नावर आहे. हिवाळ्यातली बाहेरची हवा वापरून खोलीतले ग्रो लाइट थंड ठेवता येतात का, त्यासाठी किती हवा लागते, आणि ही युक्ती कुठे फसते. गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

एलईडी तर "गार" असतात ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. जुन्या सोडियम दिव्यांच्या मानाने एलईडी गार वाटतात, कारण त्यांच्या प्रकाशात उष्णतेचे किरण फारसे नसतात. चांगला एलईडी घेतलेल्या विजेतली साधारण निम्मी प्रकाशात बदलतो. उरलेली निम्मी चिप आणि ड्रायव्हरमध्ये तिथेच उष्णता होते. म्हणून तर मागे ॲल्युमिनियमची पट्टी असते.

पण मग प्रकाशाचं काय होतं? तो पानांवर, ट्रेवर, भिंतीवर पडतो, शोषला जातो आणि त्याचीही शेवटी उष्णताच होते. झाड त्यातली अगदी थोडी ऊर्जा साखरेच्या रूपात साठवतं. काही उष्णता पानांतून पाण्याची वाफ काढण्यात खर्च होते, पण ती वाफही खोलीतच राहते. तेव्हा हिशोबासाठी सरळ धरायचं: जेवढे वॉट मीटरमधून आत आले, तेवढ्या वॉटची उष्णता खोलीत सुटली.

भावाच्या खोलीचा हिशोब बघा. दोन रॅक, प्रत्येकी चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात ३६ वॉटच्या दोन ट्यूब. म्हणजे १६ ट्यूब, ५७६ वॉट. पाण्याचा छोटा पंप आणि आतला हवा हलवणारा पंखा धरून ६०० वॉट. खोली १० बाय १२ फुटांची, उंची साडेनऊ फूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. बंद खोलीत ६०० वॉटचा हीटर रात्रभर चालू ठेवल्यासारखं झालं. लेट्यूसला १८ ते २४ अंश आवडतं. जास्त तापलं की पानांच्या कडा करपतात, चव कडू होते आणि झाड लवकर फुलोऱ्याला जातं. तीस अंशांच्या वर गेलं तर बी नीट रुजतसुद्धा नाही.

उष्णतेचा त्रास फक्त झाडाला नाही. एलईडी तापला की प्रकाश कमी देतो आणि त्याचं आयुष्यही घटतं. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचा ढोबळ नियम तर असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य जवळपास दुप्पट. म्हणजे खोली गार ठेवणं हा लाइटचाही विमा आहे.

किती हवा लागेल? "तीन"चं सूत्र

बाहेरची गार हवा आत येते, उष्णता उचलते आणि थोडी गरम होऊन बाहेर जाते. एका घनमीटर हवेला १ अंशाने तापवायला साधारण १,२०० ज्यूल लागतात. तासात ३,६०० सेकंद. भागाकार केला की उत्तर येतं ३. म्हणून लक्षात ठेवायला सोपं सूत्र:

दर तासाला लागणारी हवा (घनमीटर) = ३ × वॉट ÷ आत-बाहेरच्या तापमानातला फरक

आता चौकचे आकडे घालू. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा साधारण १४ ते १८ अंशांमध्ये असतो, कधी त्याच्याही खाली. दुपारी मात्र ३० च्या आसपास. समुद्रकाठच्या अलिबागपेक्षा इथली रात्र गार, कारण आपण समुद्रापासून आत आहोत. शिवाय माथेरान आणि इर्शाळगडाच्या उतारांवर रात्री थंड झालेली हवा जड होऊन खाली पायथ्याकडे घसरते.

पहाटे ४ वाजता: बाहेर १५, आत २१ चालेल. फरक ६. म्हणजे ३ × ६०० ÷ ६ = ३०० घनमीटर प्रति तास.

रात्री ८ वाजता: बाहेर २३, आत २६ पर्यंत चालवून घेऊ. फरक ३. म्हणजे ६०० घनमीटर प्रति तास. खोलीतली सगळी हवा तासाला जवळपास १९ वेळा बदलली.

दुपारी २ वाजता: बाहेर ३०, आत हवंय २४. फरक उणे! सूत्र इथे हात वर करतं. कितीही मोठा पंखा लावा, खोली बाहेरच्या हवेपेक्षा गार होणार नाही.

आणखी एक गोष्ट या आकड्यांतून दिसते. फरक निम्मा झाला की हवा दुप्पट लागते. म्हणून "बाहेर थोडंसं गार आहे" यावर ही युक्ती चालत नाही, निदान तीन-चार अंशांचा फरक हवाच.

एक्झॉस्ट फॅन घेताना डब्यावर "एअर डिलिव्हरी"चा आकडा बघा. तो बहुतेक घनमीटर प्रति तासात असतो. पण तो मोकळ्या हवेतला आकडा. समोर जाळी आणि फिल्टर आला की तो बराच घटतो. म्हणून गणितात ६०० आलं तर डब्यावर ९०० ते १,००० असलेला घ्या. कुठे सीएफएममध्ये लिहिलं असेल तर १.७ ने गुणा, घनमीटर मिळतील.

रात्रीचा दिवस करा

झाडाला घड्याळ कळत नाही. लाइट लागली की त्याचा दिवस, बंद झाली की रात्र. खिडकी काळ्या प्लास्टिकने झाकली की सूर्य कधी उगवला याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मग दुपारच्या उन्हात लाइट चालवून खोली तापवायची कशाला?

भावाचं आधीचं टायमर सकाळी ७ ते रात्री ११ होतं, १६ तास. म्हणजे दिवसातला सगळ्यात उष्ण भाग बरोब्बर त्यात. आम्ही ते बदलून रात्री ८ ते सकाळी १० केलं, १४ तास. तास कमी झाले म्हणून लाइट थोड्या खाली उतरवल्या, म्हणजे पानांवर प्रकाश जरा जास्त पडला. झाडाला महत्त्व दिवसभरात मिळालेल्या एकूण प्रकाशाचं असतं. १६ तास २०० मायक्रोमोलने जेवढा प्रकाश मिळतो, तेवढाच १४ तास २३० ने मिळतो. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे साधारण साडेअकरा मोल.

सकाळी १० ते रात्री ८ लाइट बंद, त्यामुळे आतून उष्णता शून्य. या वेळात पंखाही बंद आणि झडपही बंद, म्हणजे दुपारची गरम हवा आत येत नाही. रात्रभर गार झालेल्या भिंती दुपारपर्यंत थोडी साथ देतात.

इथे एक अडचण येते: स्लॅब. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी, नेमकी संध्याकाळी खोलीत सोडतो. म्हणून लाइट लावायच्या आधी, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की लगेच पंखा सुरू करायचा. कौलारू घर असेल तर दुपारी जास्त तापेल, पण संध्याकाळी लवकर निवेल. स्लॅबवर पांढरा रंग मारला तर फरक पडतो.

या उलट्या दिनक्रमाचा एक परिणाम सांगून ठेवतो. उजेडात गार आणि अंधारात उबदार अशी परिस्थिती असली की बऱ्याच झाडांची खोडं कमी लांबतात, रोपं ठेंगणी राहतात. लेट्यूसला याने काही बिघडत नाही. लांब देठाचे मायक्रोग्रीन्स हवे असतील तर पहिले काही दिवस अंधारात जास्त ठेवा.

पहाटेच्या दमट हवेने बुरशी नाही का येणार?

पहाटे चौकमध्ये दव पडतं, आर्द्रता ८५ टक्के दिसते. एवढी ओली हवा आत घ्यायची? हा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर उलटं आहे.

आर्द्रतेचा टक्का म्हणजे हवा जितकं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के धरलंय. गार हवा मुळात कमीच पाणी धरते. १५ अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत साधारण ११ ग्रॅम पाणी असतं. हीच हवा आत येऊन २४ अंशांना तापली की तिची क्षमता जवळपास २२ ग्रॅम होते. पाणी तेवढंच, म्हणजे आर्द्रता आली ५० टक्क्यांवर. बाहेर दव पाडणारी हवा आत येऊन कोरडी झाली!

मग झाडांनी सोडलेली वाफ ती सहज उचलून नेते. बंद एसी खोलीतली दुसरी अडचणही सुटते. दिवे चालू असताना झाडं कार्बन डायऑक्साइड खात असतात, आणि बंद खोलीत तो घटत जातो. बाहेरची हवा आली की तो आपोआप भरून निघतो.

पावसाळ्यात मात्र हेच गणित उलटतं. जुलैत बाहेर २६ अंश आणि ९५ टक्के. त्या हवेत २३ ग्रॅम पाणी. आत २८ पर्यंत तापवली तरी आर्द्रता ८५ टक्के. म्हणजे गारवाही नाही आणि कोरडेपणाही नाही. तेव्हा हे सरळ हिवाळ्याचंच काम आहे.

हवेबरोबर आणखी काय काय आत येतं?

खरी चूक आमच्याकडून इथे झाली. पहिल्या महिन्यात सगळं छान चाललं. मग जानेवारीत एका सकाळी भावाने दार उघडलं तर आत ३१ अंश. पंखा फिरत होता, लाइट चालू होत्या, पण खिडकीच्या जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता. दिवाळीनंतर आपल्या भागात वीटभट्ट्या लागतात, भात झोडपल्याचा भुसा उडतो, जुन्या मुंबई-पुणे हायवेची धूळ तर बारा महिने. हवा येतच नव्हती. वरच्या कप्प्यांतला लेट्यूस गेला. एका रात्रीत महिन्याची मेहनत.

त्यावरून शिकलेल्या गोष्टी:

जाळी मोठी ठेवा. तासाला ६०० घनमीटर हवा सेकंदाला १ मीटरच्या संथ वेगाने यायची तर ०.१७ चौरस मीटर मोकळी जागा लागते. कीडरोधक बारीक जाळीत निम्मीच जागा मोकळी धरा. म्हणजे किमान २ बाय २ फुटांची जाळी हवी. आमची एक फुटाची होती.

पंखा हवा आत ढकलणारा ठेवा, ओढणारा नको. एक्झॉस्ट लावला की खोलीत हवेचा दाब किंचित कमी होतो आणि दाराच्या फटीतून, कौलांतून, कुठूनही धूळ आणि किडे आत येतात. जाळी आणि फिल्टरमागे पंखा लावून हवा आत ढकलली तर फटींतून हवा बाहेर जाते. किड्यांना एकच रस्ता राहतो आणि तिथे जाळी असते. मावा, फुलकिडे, पांढरी माशी एकदा आत शिरली की खोलीत त्यांना खाणारं कुणी नसतं, हे विसरू नका.

हवा खालून घ्या, वरून सोडा. आत येणारा झरोका उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीतल्या भिंतीत, खाली. बाहेर जाणारा समोरच्या भिंतीत, छताजवळ. गरम हवा आपोआप वर जाते, तिला अडवू नका. झरोका रस्त्याच्या बाजूला नको.

धूर दिसला की बंद. फेब्रुवारीपासून शेतांत राब भाजायला सुरुवात होते. त्या धुरात एथिलीन असतं, ज्याने पानं पिवळी पडतात, गळतात. शेजारी राब पेटला की तेवढा वेळ झडप बंद, लाइटही बंद. झाडाचं दोन तासांत काही बिघडत नाही.

थेट झोत नको. १४ अंशांची हवा लेट्यूसला चालते, पण तुळस, बेसिलसारख्या झाडांना पहाटेचा थेट झोत सोसत नाही. समोर पुठ्ठा किंवा पत्रा तिरका लावून हवा भिंतीकडे वळवा.

पंख्याला अक्कल द्या

पंखा रात्रभर फुल स्पीडने चालवला तर पहाटे खोली गरजेपेक्षा गार होईल. म्हणून एक छोटा कंट्रोलर हवा. ईएसपी३२ बोर्ड, तापमान-आर्द्रतेचे दोन सेन्सर (एक आत, एक बाहेर सावलीत) आणि एक रिले. वस्तू शे-पाचशेच्या घरातल्या आहेत. लॉजिक मराठीत सांगायचं तर एवढंच:

१. आत २४ च्या वर आणि बाहेर आतल्यापेक्षा किमान २ अंशांनी गार असेल तर पंखा चालू.
२. आत २१ च्या खाली गेलं की पंखा बंद.
३. बाहेरच्या हवेतलं पाणी (टक्का नाही, ग्रॅम) आतल्यापेक्षा जास्त असेल तर पंखा बंद.
४. आत २९ च्या वर गेलं तर लाइट बंद आणि मोबाइलवर मेसेज.

चालू २४ ला आणि बंद २१ ला असं अंतर मुद्दाम ठेवलंय. दोन्ही एकाच आकड्यावर ठेवलं तर रिले सारखा टकटक करत बसेल आणि लवकर खराब होईल.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती असती तर आमचा लेट्यूस वाचला असता. आणि ती फक्त सॉफ्टवेअरवर सोडू नका, हे मी सॉफ्टवेअरवाला असूनच सांगतोय. बोर्ड हँग होतो, वायफाय जातं. लाइटच्या वायरीत एक साधा वेगळा थर्मोस्टॅट टाका, जो ३२ अंशांना स्वतःच सप्लाय तोडेल. वीज गेली तर काळजी नाही, पंख्याबरोबर लाइटही जातात. धोका हवा येणं बंद आणि लाइट चालू या परिस्थितीत आहे. वायरिंग मात्र वायरमनकडूनच करून घ्या. ओल्या हाताची जागा आहे, अर्थिंग आणि आरसीसीबी हवाच.

जगात हे कुठे चालतं?

ही कल्पना आमची नाही. डेटा सेंटरवाले याला "फ्री कूलिंग" म्हणतात. फेसबुकने स्वीडनमधल्या लुलिओ इथे २०१३ मध्ये डेटा सेंटर सुरू केलं, ते आर्क्टिक वर्तुळाच्या जवळ. तिथे सर्व्हर गार करायला बाहेरची थंड हवाच वापरतात. सर्व्हर काय आणि ग्रो लाइट काय, वीज खाऊन उष्णता ओकणारी पेटीच.

अमेरिका-कॅनडात तळघरात कढीपत्ता जगवणाऱ्या मराठी मंडळींसाठी गणित वेगळं आहे. बाहेर उणे १५, आत २० असेल तर फरक ३५. ६०० वॉटला तासाला जेमतेम ५० घनमीटर हवा पुरते. पण ती हवा इतकी कोरडी की आत तापल्यावर आर्द्रता ७-८ टक्क्यांवर येते. कढीपत्ता पानं टाकून मोकळा होईल. तिथे ती उष्णता बाहेर न टाकता घर ऊबदार ठेवायला वापरणंच शहाणपणाचं.

आणि केशर? हा प्रश्न हमखास येतो. केशराचा कंद फुलायला १७ अंशांच्या आसपासचा गारवा मागतो, आणि फुलायचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर. आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबर हीट. ज्या आठवड्यांत गारवा हवा, नेमका त्याच आठवड्यांत चौकची हवा कामाची नाही. केशराला एसी किंवा शीतखोली लागतेच.

मग एसी घ्यायचा का?

आता प्रामाणिक हिशोब. दीड टन एसी म्हणजे सुमारे ५,३०० वॉट उष्णता काढायची ताकद. आपली गरज ६०० वॉट, म्हणजे जवळपास नऊ पट मोठं यंत्र. तो फक्त लाइटची उष्णता काढायला सरासरी १७० वॉट वीज घेईल, पंखा ३० वॉटच्या आसपास. १४ तासांत फरक झाला दोन युनिटचा. महिन्याला ६०, आणि नोव्हेंबर अखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत सुमारे २१० युनिट. बरं आहे, पण खूप मोठं नाही. लाइट स्वतःच रोज सुमारे ८ युनिट खातात. खरी बचत विजेची नाही, न घेतलेल्या एसीच्या ईएमआयची आहे.

बिलाचा आणखी एक पदर बघा. केंद्राच्या २०२३ च्या वीज ग्राहक नियमांत दिवसा, सौरऊर्जा भरपूर असताना दर कमी आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जास्त अशी रचना आली. म्हणजे गारवा रात्री फुकट, पण स्वस्त वीज दिवसा! तुमच्या जोडणीला वेळेनुसार दर लागू असतील तर बिलावरचे तास बघूनच टायमर लावा. संध्याकाळचे महाग तास टाळून रात्री उशिरा सुरू करणं बहुतेकांना सोयीचं पडेल, तेव्हा हवाही जास्त गार असते.

राहिला उन्हाळा आणि पावसाळा. मार्चनंतर ही युक्ती संपते, त्यावर कुठलाही पंखा उपाय नाही. भावाने एसी घेतला नाही. त्याने ठरवलं की डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्ण क्षमतेने लेट्यूस, आणि मार्चपासून एक रॅक बंद, दुसऱ्यावर उष्णता सोसणारे मायक्रोग्रीन्स. कोकणातला शेतकरी भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतो, तसंच हे. जे हंगामाने फुकट दिलंय तेवढ्यावरचं पीक.

तुम्हीही यंत्र घ्यायच्या आधी तीनशे रुपयांचे दोन थर्मामीटर घ्या. एक आत, एक बाहेर, आठवडाभर दर तीन तासांनी वहीत लिहा. तीनच्या सूत्रात आकडे घाला. पंखा पुरेल की एसी लागेल, हे दुकानदाराच्या आधी ती वही सांगेल.